घरच्या मत्स्यटाकीचे परतीचे पाणी आणि राखीव साधने

भिवंडी तालुक्यातील पिसे या गावी भातसा नदीचे पाणी पंपाने उचलून मुंबईकडे पाठविले जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील रोहित्रास आग लागली आणि मुंबईच्या पाणीपुरवठ्यात १५ टक्के कपात करावी लागली. पुरवठा अजिबात बंद मात्र पडला नाही. कारण मुंबईस पाणी देणारा तलाव एकच नाही, आणि तानसा तलावाचे पाणी तर १८९२ पासून उताराने मुंबईस पोहोचत आले आहे. जे काम उतारावर सोपविता येते ते उतारावर सोपवावे, आणि जेथे यंत्रावाचून चालत नाही तेथे यंत्रास जोडीदार द्यावा, असा धडा यातून मिळतो. घरी शोभिवंत मासे पाळणाऱ्या कुटुंबांनी तो आपल्या टाकीस लावून पाहावा.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाचा समावेश झाला. मुंबईची बाजारपेठ जवळ असल्याने भिवंडी परिसरात हा जोडधंदा सोयीचा आहे. परंतु अनेक महिने जोपासलेले मासे एका रात्रीच्या वीजबंदीने दगावू शकतात. म्हणून टाकी विकत घेण्यापूर्वी, वीज गेल्यावर काय होईल याचा विचार झाला पाहिजे.

पाण्याचा फेरा

काचेच्या वरच्या टाकीतून पाणी सांडव्याच्या नळाने खालच्या टाकीत उतरते. तेथे ते गाळले जाते आणि पंप ते परतीच्या नळाने पुन्हा वर चढवितो. पंप थांबला की हाच परतीचा नळ वक्रनलिकेप्रमाणे उलटा वाहू लागतो, आणि त्याचे तोंड उघडे पडेपर्यंत वरचे पाणी खाली येत राहते.

याचा हिशेब सोपा आहे. १२० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे सुमारे साडेपाच लिटर पाणी खाली येते. परतीच्या नळाचे तोंड पाण्याखाली १० सेंटिमीटर असेल, तर ५४ लिटर पाणी उतरेल. खालची टाकी ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद व ४० उंच असून ती निम्मी भरलेली असेल, तर तीत ४८ लिटरचीच जागा शिल्लक असते. उरलेले पाणी जमिनीवर सांडणार, आणि विजेची पाटी तेथेच असेल तर जिवावर बेतणार! तेच तोंड पाण्याखाली २ सेंटिमीटर ठेवले, तर सुमारे ११ लिटरच पाणी उतरते. नळांत भरलेले पाणीही या हिशेबात धरावे.

परतीच्या नळास पाण्याच्या पातळीखाली लगेच एक लहान भोक पाडावे. पातळी तेथवर उतरताच नळात हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. हे भोक शेवाळाने बुजते. ते दर आठवड्यास साफ करावे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर सर्वस्वी विसंबू नये. विहिरीवरील पंपाच्या फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकला म्हणजे काय होते, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको.

सांडवे दोन असावेत. पहिला नित्याचा, दुसरा त्याच मापाचा, पण त्याचे तोंड नेहमीच्या पातळीहून किंचित वर. दुसरा एरवी कोरडा राहतो. त्यातून पाणी पडू लागले, की पहिला तुंबला असे समजावे. सांडव्याचा नळ परतीच्या नळापेक्षा जाड घ्यावा. कारण पंप पाणी जोराने ढकलतो, सांडव्यास मात्र उताराचाच आधार असतो.

राखीव साधने

एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप बसवावेत आणि प्रत्येकास स्वतंत्र परतीचा नळ द्यावा. एक बिघडला तरी निम्मा प्रवाह चालू राहतो. दोन्ही पंप एकाच पाटीवर लावू नयेत, नाहीतर एका फ्यूजबरोबर दोन्ही बंद पडतील. वायर सॉकेटच्या पातळीखाली लोंबती ठेवून मग वर घ्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटात शिरत नाही. टाकीच्या जोडणीस ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच अवश्य बसवावा.

वीज गेल्यावर मासे प्रथम गुदमरतात ते प्राणवायूवाचून. २० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांस तो साडेसात मिलिग्रॅमच मावतो. शिवाय उष्ण पाण्यात माशांची गरज वाढते. म्हणून वैशाखातील वीजबंदी अधिक घातक होय. वीज जाताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवरील हवेचा पंप त्यासाठी जवळ असावा. वीज नसताना खाद्य घालू नये. न खाल्लेले खाद्य कुजते आणि प्राणवायू आणखी घटतो.

गाळणीतील उपयुक्त जिवाणू माशांच्या विष्ठेतून उत्पन्न होणारा विषारी अमोनिया निवारतात. त्यांनाही प्राणवायू लागतो. बंदिस्त गाळणी कित्येक तास थांबून राहिली असेल, तर तीतील पाणी टाकीत परत सोडू नये. ते टाकून द्यावे, गाळणीचे साहित्य टाकीतीलच पाण्याने खळबळून घ्यावे आणि मग पंप सुरू करावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन हे जिवाणू मारते.

कसोटी

मासे सोडण्यापूर्वी टाकी पूर्ण चालवून मुख्य स्विच बंद करावा आणि अर्धा तास पाहावे. खालची टाकी काठोकाठ भरत असेल, तर तीतील नित्याची पातळी कमी करावी. नंतर पंप चालू ठेवून नेहमीचा सांडवा हाताने बुजवावा आणि दुसरा पाणी पेलतो की नाही ते तपासावे. शेवटी एकेक पंप बंद करून पाहावा. ग्रामकार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक प्रत्येक नव्या पालकाच्या घरी त्याच्याच हातून करवून घ्यावे. बॅटरीची परीक्षा दरमहा व्हावी, आणि पावसाळ्यापूर्वी ही सर्व कसोटी पुन्हा एकदा घ्यावी.