पाच शेअर्स, अडीचशे रुपये

दादर पश्चिमेला, रानडे रोडलगतच्या एका गल्लीत ही तीन मजली इमारत आहे. बांधकाम १९६९ चं, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि रस्त्याच्या बाजूला जेमतेम दोन फूट रुंद गॅलरी. एजंटने सव्वाचारशे फूट सांगितलं होतं. बायकोने पर्समधून टेप काढली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मापलं. कार्पेट भरलं ३३८. एजंट बिल्टअप सांगत होता, म्हणजे भिंतींची जाडी धरून. पण संसार मांडायचा तो दोन भिंतींच्या मधल्या जागेत, म्हणून आम्ही ३३८ हाच आकडा धरला आणि भावाची बोलणीही त्यावरच केली.

ते घर आम्ही तीनदा बघितलं. एकदा पहाटे, स्टेशनजवळच्या फुलबाजाराकडे टेम्पो जात असताना, गाद्या घालून झोपता येईल का ते कळावं म्हणून. एकदा संध्याकाळी सातला, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. तिसऱ्यांदा जुलैत, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर. जुनं घर विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, पावसात जा. उन्हाळ्यात रंग काढलेली भिंत काही बोलत नाही. पावसात आम्हाला संडासाच्या छताला पोपडे दिसले, वरच्या घरातल्या नहाणीची गळती होती ती. खोलीत मात्र सगळीकडे बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. प्लास्टर सुटलं असेल तर बद्द आवाज येतो. तसा तो एकाच जागी, खिडकीच्या छज्ज्याखाली आला.

घर विकणाऱ्या काकू सत्तरी ओलांडलेल्या. मी छताकडे बघतोय हे पाहून त्या आपणहून म्हणाल्या, "वरच्यांशी बोलणं झालंय. दिवाळीनंतर लादी काढून ट्रॅप बदलणार आहेत. तुम्ही सेक्रेटरींना विचारा, वहीत आहे." त्या वहीपाशी मी पोचलो आणि माझं घर बघणं खऱ्या अर्थाने सुरू झालं.

सोसायटीचं ऑफिस म्हणजे जिन्याखाली एक टेबल आणि गोदरेजचं कपाट. बँकेतून निवृत्त झालेल्या सेक्रेटरींनी पाच वर्षांचे ताळेबंद समोर ठेवले आणि सिंकिंग फंडाचं गणित समजावलं. आदर्श उपविधींप्रमाणे हा फंड सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का, दरवर्षी जमा करायचा. पण खर्च मूळचा, जमीन सोडून. १९६९ साली तो वीस हजार धरला, तर पाव टक्का होतो वर्षाला ५० रुपये. तेवढंच घेत राहिलेल्या सोसायटीकडे पन्नास वर्षांनी एक खांब दुरुस्त करण्याइतकेही पैसे नसतात. इथल्या सभासदांनी किमान रकमेवर न थांबता सर्वसाधारण सभेत ठराव करून वर्गणी वेळोवेळी वाढवली होती. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्याचे अहवाल फाइलमध्ये होते, आणि अहवालात ज्या खांबांना जॅकेटिंग सुचवलं होतं त्यांची बिलंही मागे लावलेली होती. मी खाली जाऊन ते खांब हात लावून बघितले. काँक्रीटच्या नव्या थराने ते जाड झाले होते.

मग मी जमिनीचं विचारलं. मुंबईत कितीतरी सोसायट्यांची इमारत सभासदांची आणि जमीन अजून जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असते. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याची, सोय झाली. या सोसायटीने ती प्रक्रिया पुरी केली होती, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव होतं. उद्या पुनर्विकासाची वेळ आली तर निर्णय सभासदांच्या हातात राहील.

घराची कागदपत्रं वकीलबाईंनी तपासली. पहिला करार १९६९ चा, टंकलिखित. दुसरा १९८२ चा, साध्या स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नसलेला. मी घाबरलो. त्यांनी सांगितलं, अशा करारावर विक्रीखताप्रमाणे पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं ते १० डिसेंबर १९८५ पासून. त्यामुळे त्याआधीचे असे करार सर्रास सापडतात, फक्त साखळी तुटता कामा नये. खरी अडचण पुढे होती. काकूंचे यजमान वारले तेव्हा नॉमिनेशनवर घर त्यांच्या नावे झालं होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, मुलामुलीचाही हक्क असतो. नागपूरची मुलगी येऊन तिचं आणि मुलाचं हक्कसोडपत्र नोंदवेपर्यंत दोन महिने गेले. त्या काळात दुसरं गिऱ्हाईक येऊनही काकूंनी शब्द फिरवला नाही.

नंतर गोष्टी भराभर झाल्या. बँकेच्या माणसाने इमारतीचं उरलेलं आयुष्य जोखलं, कर्जाची मुदत त्यावर ठरली. सहा टक्के मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी फी. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात टोकन, फोटो, अंगठा. काकूंचा अंगठा यंत्रावर दोनदा उमटला नाही. भांडी घासून घासून रेषा पुसट झाल्या होत्या. तिसऱ्यांदा माझ्या बायकोने त्यांचा हात रुमालाने पुसला आणि ठसा आला.

ताबा देताना किल्लीबरोबर त्यांनी सांगितलं, "पाणी सकाळी सहाला येतं. गॅलरीचं दार पावसात फुगतं, ओढून घ्यायचं. माळ्यावर दोन पितळी पातेली ठेवलीत, तुम्हाला राहू देत."

महिनाभराने कमिटीच्या सभेत शेअर सर्टिफिकेट पुढे आलं. पन्नास रुपयांचे पाच शेअर्स, एकूण अडीचशे. कडा पिवळ्या पडलेला कागद. पाठीमागे हस्तांतरणाच्या नोंदी, तीन नावं, तीन वेगवेगळ्या शाई. चौथ्या ओळीत आम्हा दोघांची नावं लिहिली गेली. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि एका कमिटी सदस्याने सह्या केल्या. ३३८ फुटांसाठी वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलेलं, तरी आपण या इमारतीचे झालो असं मला वाटलं ते त्या अडीचशे रुपयांच्या कागदावर नाव बघून. आमच्याआधीच्या तिघांनी भरलेल्या वर्गणीतूनही ते खांब उभे राहिले होते.

पुढचा विषय होता गच्चीचं वॉटरप्रूफिंग. तीन कोटेशनं आली होती, ठेकेदारांना भेटून कामाची तुलना करायला कुणीतरी हवं होतं. आम्ही दोघांनी हात वर केला.