वाघाला भूल दिली की नाडी का मंदावते?

डिसेंबर 2024 मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात एक पट्टेदार वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालत धाराशिवात आला होता. धाराशिव-बार्शीच्या पट्ट्यात गुरं मारली जाऊ लागली आणि जानेवारी 2025 पासून वन विभागाची पथकं त्याला बेशुद्ध करून पकडण्यासाठी फिरू लागली. डार्ट लागला की काम फत्ते, असं पुष्कळांना वाटतं. खरी जोखीम तिथून पुढे सुरू होते, आणि ती रक्ताभिसरणात असते.

वाघ असो की घरातली मांजर, झायलाझिन आणि केटामाइन ही भुलीच्या औषधांची जोडी दोघांनाही चालते. झायलाझिन मेंदूला गुंगी आणतं, पण त्याच वेळी रक्तवाहिन्याही आवळतं. रक्तदाब चढतो. तो उतरवण्यासाठी मेंदू हृदयाला मंद व्हायला सांगतो. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह अर्धा बंद केला की दाबाचा काटा वर जातो, पण शेतात पाणी कमी पोचतं, इथेही तसंच. झायलाझिनच्याच कुळातल्या मेडेटोमिडिननं मांजराच्या हृदयातून बाहेर पडणारं रक्त निम्म्यावर येऊ शकतं. हिरड्या पांढुरक्या पडतात, जिभेला लावलेला ऑक्सिमीटर नीट आकडा दाखवत नाही. मेंदू आणि हृदयाचा पुरवठा शरीर शक्यतो राखतं. कात्री लागते ती कातडी, स्नायू आणि आतड्यांच्या वाट्याला.

म्हणूनच नाडी मंद दिसली की ठोके वाढवणारं ॲट्रोपिन लगेच टोचणं धोक्याचं. वाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि हृदयाला त्यांच्याविरुद्ध जोरानं धडधडावं लागतं. केटामाइन हृदयाला उत्तेजन देतं, त्यामुळे ही मंदी काहीशी सावरते.

धाराशिवच्या उन्हाळ्यात आणखी एक संकट असतं. अंगातली उष्णता रक्तावाटे कातडीपर्यंत येऊन बाहेर पडते. ती वाट आकसलेली, भुलीमुळे धापा टाकणं थांबलेलं, आणि त्याआधी पळापळ झालेली असेल तर अंग भराभर तापतं. त्यासाठी सकाळचा गारवा साधायचा, जनावर सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी ओतायचं आणि ताप सतत मोजत राहायचा. पथकानं दुपारी डार्ट मारायचं टाळलं, तर त्याला दिरंगाई म्हणू नये.

झायलाझिनला उतारा आहे: योहिम्बिन किंवा ॲटिपॅमेझोल. तो दिला की वाहिन्या सैलावतात, ठोके वाढतात. केटामाइनला मात्र उतारा नाही. उतारा घाईनं दिला, तर एकट्या केटामाइनच्या अमलाखाली जनावराचे स्नायू ताठरतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून वाघ पिंजऱ्यात सुरक्षित ठेवल्यावरही, केटामाइनचा अंमल पुरेसा ओसरेपर्यंत पशुवैद्यक उताऱ्याची सुई हातात धरून थांबतात.