परराज्यांतील जुनी मोटार आणि तिचे कागद

लिंबागणेशच्या एखाद्या गृहस्थानें हैदराबादेहून, बंगळुराहून किंवा दिल्लीहून जुनी मोटार स्वस्तांत आणली, म्हणजे जाणती मंडळी प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, आणि रंग नुकताच दिलेला तर नाहीं ना, हें बोटानें चाचपतात. कागद बहुधा मागाहून उघडले जातात. आणि फसगत व्हावयाची ती पुष्कळदां तेथेंच होते.

मोटार ही कोणत्या तरी कचेरीच्या दप्तरांत नांव लागलेली वस्तु असते. ती दुसऱ्या राज्यांत कायमची न्यावयाची, तर जुन्या दप्तरानें तिला मोकळी केली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४८ व्या कलमान्वयें मिळणारा ना-हरकत दाखला म्हणजे हीच मोकळीक होय. तो देण्यापूर्वीं, मोटार चोरीस गेल्याची फिर्याद नाहीं असा पोलिसांचा लेखी अहवाल मागवावा आणि करादि बाकी चुकती झाली आहे कीं नाहीं हें पडताळावें, असें कायद्यांतच सांगितलें आहे. मोटारीवर बँकेचा बोजा असल्यास बँकेची संमति निराळी लागते. बोजा फिटला असल्यास तसा शेरा ३५ क्रमांकाच्या नमुन्यानें दप्तरीं उतरवून घ्यावा लागतो. विक्रेत्यानें कर्ज खरोखरच फेडलेलें असतें, पण दप्तरांत बोजा तसाच उभा असतो, असाहि प्रकार घडतो.

दलालांच्या तोंडीं “तिकडची नोंदणी काढली आहे” हें वाक्य येतें. ह्या एका वाक्याचे दोन अर्थ होतात, आणि त्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ना-हरकत दाखला मिळाला असा अर्थ असेल, तर मोटार जिवंत आहे. नव्या कचेरींत तिचें नांव लागूं शकतें. परंतु ५५ व्या कलमाखालीं ती नष्ट झाली किंवा कायमची निकामी ठरली म्हणून नोंदणी रद्द झाली असेल, तर घेणाऱ्याच्या हातीं उरतें तें केवळ भंगार. अशा मोडीत निघालेल्या गाडीचे कागद जपून ठेवावयाचे आणि तिचा चेसिस-क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकावयाचा, हा धंदा जुना आहे. म्हणून कागदावरचे चेसिस व इंजिन यांचे क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावर, भर उजेडांत, अंकागणिक ताडून पाहणें अगत्याचें. आसपास घासल्याच्या किंवा ताज्या वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर किंमत कितीहि उतरली तरी सौदा तेथेंच थांबवावा. दाखल्याचें छायाचित्र पुरेसें नाहीं. सरकारच्या ‘वाहन’ ह्या संगणकीय दप्तरांत तीच नोंद दिसली पाहिजे.

दिल्लीकडील मोटारींबाबत आणखी एक गुंता आहे. दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांस राजधानीच्या परिसरांत मज्जाव करणारे हरित न्यायाधिकरणाचे आदेश २०१४-१५ सालचे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं ते उचलून धरले. पुढें तेथें पुष्कळ गाड्यांची नोंदणी रद्द झाली. तेव्हां दिल्लीची जुनी गाडी स्वस्त कां, ह्या प्रश्नाचें उत्तर इंजिनांत नव्हे, दाखल्यावरील तारखेंत शोधावें.

हैदराबादचा संबंध बीडला नवा नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा त्याच राज्यांत होता. तिकडील गाड्यांच्या पाट्या मात्र गोंधळांत टाकतात. २०१४ सालीं तेलंगण वेगळें झालें. ‘एपी’ जाऊन ‘टीएस’ आलें, आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांस ‘टीजी’ मिळूं लागलें. म्हणून अक्षरांवर न जातां दाखला कोणत्या कचेरीनें दिला तें वाचावें.

गाडी बीडला आल्यावर ‘एमएच २३’ हा क्रमांक घेण्यास कायदा बारा महिन्यांची मुदत देतो. मालकी बदलाची खबर त्याहून पुष्कळच लवकर द्यावी लागते. येथील कर निराळा भरावा लागतो, हें किंमत ठरवितांनाच धरावें. मालकी बदलण्याचा आळस विकणाऱ्यालाहि भोंवतो: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या २०१८ च्या निकालांत, गाडी अनेक हातीं फिरली असतांहि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी दप्तरीं नांव असलेल्या मालकावरच ठेवण्यांत आली.

परदेशांतून जुनी मोटार आणावयाची झाल्यास दप्तर बदलतें, प्रश्न तेच राहतात. अशी मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, तिचें चाक उजवीकडे असावें, आणि ती मुंबई बंदरांतच उतरावी, असा आयातीचा दंडक आहे. आखातांतून परतणाऱ्यांची डाव्या चाकाची गाडी येथेंच बाद होते. उतरल्यावर चांचणीसाठीं नेमलेल्या संस्थांत पुण्याची एआरएआय आहे, तशीच लिंबागणेशच्या शेजारच्या जिल्ह्यांतील, अहिल्यानगरची संरक्षण खात्याची संस्थाहि आहे. जपानहून येणाऱ्या गाडीबरोबर नोंदणी रद्द करून निर्यातीस मोकळी केल्याचा दाखला येतो. त्यावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, बांधणीचा नसतो. आपला नियम मात्र तीन वर्षें मोजतो तीं बांधणीपासून.