‘थोडा ब्लॉक’ आणि रोजची गोळी



आपल्यापैकी काहींची मुले रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. मुलाकडे राहायला गेलेले आपले एक बहात्तर वर्षांचे सभासद परवा भेटले. म्हणाले, “साहेब, सिटी अँजिओग्राफीत ३० टक्के ब्लॉक निघाला. म्हणजे पाट ७० टक्के मोकळाच की! मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? तीन महिन्यांत रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, दिली बंद करून.” प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून येथे खुलासा करतो. मी डॉक्टर नव्हे. समजून घेतलेले आपल्या भाषेत मांडतो इतकेच.

हा ब्लॉक पाटातल्या गाळासारखा नसतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीतच ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे मुरते व तेथे चरबीचा थर धरतो. पेणच्या खारेपाटातले खाडीचे बांध पाहा. खेकडे बांधाच्या पोटात बिळे करतात. वरून बांध धड दिसतो आणि एखाद्या उधाणाला खांड पडते. धमनीचेही तसेच. थरावरचा पातळ पापुद्रा फाटला की तेथे रक्ताची गुठळी होते आणि बरीचशी मोकळी असलेली धमनी एकाएकी बंद पडते. पुष्कळ हार्ट अटॅक अशा लहान ब्लॉकच्या जागीच येतात. तेव्हा ३० टक्क्यांना घाबरायचे नाही, पण दुर्लक्षही करायचे नाही.

अशा ब्लॉकला सहसा स्टेंट लागत नाही. त्याला गोळी असते. तिचे नाव स्टॅटिन. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणे ती कमी करते. मात्रेप्रमाणे एलडीएल साधारण ३० ते ५० टक्के उतरते आणि पापुद्रा घट्ट होतो. म्हणजे बांधाची डागडुजीच. जपानच्या अकिरा एंडो या शेतकऱ्याच्या मुलाने हजारो बुरश्या तपासून १९७० च्या दशकात तांदळावरच्या बुरशीतून पहिले स्टॅटिन शोधले.

रिपोर्ट चांगला येतो तो गोळी चालू असते म्हणून. ती बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर जाते. पंप बंद केल्यावर पाट कोरडा पडणारच!

वयाचा विचार मात्र करावा लागतो. पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना, गोळी नव्याने सुरू करावी का, याचा पुरावा कमी आहे. तेथे इतर आजार व औषधे पाहून डॉक्टर ठरवतात. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगावे. मात्रा किंवा गोळी बदलता येते. आपल्या मनाने बंद करू नये.

गोळी घेतली म्हणजे बाकी सूट मिळाली असे नाही. बिडी, तंबाखू, मशेरी वर्ज्य करावी. तळणाचे तेच तेल पुन्हा वापरू नये. रक्तदाब असल्यास पापड, लोणचे, सुकी मासळी बेतानेच खावी. रोज अर्धा तास चालावे. छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, असे काही झाल्यास ‘गॅस झाला’ म्हणून थांबू नये. तत्काळ १०८ ला फोन करावा.

आपल्या त्या सभासदांनी डॉक्टरांना भेटून गोळी पुन्हा सुरू केली आहे. ज्यांनी रिपोर्ट पाहून गोळी सोडली असेल, त्यांनीही एकदा डॉक्टरांना भेटावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी