उसनी मोटारसायकल आणि विमा

रावेरकडे केळीची कापणी सुरू झाली कीं घरची मोटारसायकल एकट्या धन्याची राहत नाहीं. सकाळीं तो शेतावर जातो, दुपारीं पुतण्या तीच गाडी घेऊन सावद्यास जातो आणि सायंकाळीं पाहुणा आलेला मेहुणा बऱ्हाणपूरच्या रस्त्यास लागतो. पेट्रोल किती आहे, हें विचारलें जातें. विम्याचें कोणी विचारीत नाहीं.

विमा गाडीचा, म्हणून ती कोणीहि चालविली तरी चालते, असा समज आहे. तो निम्मा खरा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केलेला विमा त्रयस्थासाठीं, म्हणजे गाडीखालीं सांपडणाऱ्या वाटसरूसाठीं आहे. परवाना असलेल्या नातलगानें मालकाच्या संमतीनें गाडी नेली, तर त्या वाटसरूची भरपाई कंपनी देते.

परवाना नसला म्हणजे गोष्ट पालटते. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, एवढ्याच कारणावरून कंपनीस हात झटकतां येत नाहींत. मालकाचा दोष तिनें सिद्ध केला पाहिजे. मात्र तो सिद्ध झाला, तर जखमी माणसास आधीं कंपनीनें पैसे द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे, असा हुकूम होऊं शकतो. भाच्याला ‘किल्ली मिळणार नाहीं’ म्हणणें मामाला जड जातें खरें. पण भाचा अल्पवयी असल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें पालक किंवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो.

आतां खुद्द चालविणाराच दगावला तर? इरकली लुगड्यांच्या इलकल गांवाहून एक गृहस्थ उसन्या मोटारसायकलीवर गुडूरला निघाले होते. पुढें चाललेली पत्र्यांची बैलगाडी एकाएकीं थांबली. ते तिच्यावर आदळून मरण पावले. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, गाडी उसनी नेणारा मालकाच्याच जागीं उभा असतो. देणारा व मागणारा एकच कसा असेल? म्हणून त्या वेळच्या १६३-अ कलमाखालीं वारसांचा दावा चालला नाहीं. २०२० सालच्या राजस्थानांतील खटल्यांत वारसांनीं समोरच्या गाडीला सोडून उसन्या गाडीच्याच कंपनीवर दावा लावला. पदरीं पडले एक लाख रुपये व व्याज. तेहि न्यायालयानें मृतास मालकाच्या जागीं धरलें म्हणून.

२०१८ पासून मालक-चालकाच्या अपघात विम्याची रक्कम १५ लाख झाली. पण नांवाप्रमाणें तो विमा नोंदणी व पॉलिसी ज्याच्या नांवावर आहे त्या परवानाधारक मालकाचा. मेहुण्यानें त्यावर विसंबूं नये. त्याचें बँकेंत खातें असून वय १८ ते ७० असेल, तर वर्षास २० रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेखालीं अपघाती मृत्यूस दोन लाखांची तरतूद होते, आणि ती गाडीबरोबर नव्हे, माणसाबरोबर फिरते.