टिकेल ते भरावे, न टिकेल ते पेरावे

गृहस्थाच्या संसारात अन्नावरील खर्च हा असा खर्च आहे की तो टाळता येत नाही, पुढे ढकलता येत नाही आणि रोज होत असल्यामुळे डोळ्यांत भरतही नाही. लग्नकार्यात हजार रुपये अधिक गेले तर घरात वर्षभर चर्चा होते. परंतु वाण्याच्या दुकानी रोज दहा रुपये अधिक गेले तर वर्षाअखेर तेच साडेतीन हजारांवर जातात, आणि त्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. धान्याच्या घाऊक व्यापारात आमचे आयुष्य गेले आहे. त्या अनुभवाच्या आधारे काटकसरीच्या खरेदीविषयी व घरच्या लहान जागेतील भाजीपाल्याविषयी चार शब्द या स्मरणिकेत लिहावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. ती शिरोधार्य मानून हा लेख सादर करीत आहोत.

कामरेज हे तापीकाठचे जुने गाव. पूर्वी ते बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात मोडत असे; १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९६० पासून गाव गुजरात राज्यात आले. काकरापारचा बंधारा व त्यानंतर १९७२ साली पूर्ण झालेले उकाईचे धरण यांच्या कालव्यांनी या भागाचे शेत पालटले. ज्वारी-तुरीच्या जागी ऊस उभा राहिला. आता त्या उसाच्याही जागी सदनिका उभ्या राहत आहेत. सुरतेच्या कारखान्यांत काम करणारी खानदेशची कुटुंबे येथे राहावयास आली आहेत. गावी त्यांच्या घरी कणगी होती व परसात वेल होता. येथे दोन खोल्या व एक सज्जा आहे. तेव्हा कमी जागेत व कमी पैशांत घर कसे चालवावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न खरा आहे.

आमचे उत्तर थोडक्यात असे: जे टिकते ते हंगामात वर्षाचे भरावे, जे एका दिवसात सुकते ते घरी पेरावे, आणि या दोहोंच्या मधले जे उरेल तेवढेच रोज विकत आणावे.

गहू कुंडीत का पेरू नये

१९६५ साली अन्नटंचाईच्या व युद्धाच्या काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशास आठवड्यातून एक वेळचे भोजन सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर धरला. राष्ट्रासमोर ठेवलेला तो आदर्श होता व आम्ही त्यास वंदन करतो. परंतु गृहिणीने हिशेबही पाहिला पाहिजे. आपल्या देशात गव्हाचे सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारे ३५ क्विंटल येते. पाच माणसांच्या घरास वर्षाला २४० किलो गहू लागतो असे धरले, तर तो पिकवावयास सुमारे सात गुंठे जमीन हवी. शंभर चौरस फुटांच्या गच्चीवर गहू पेरला तर सव्वातीन किलो मिळेल, म्हणजे पाच दिवसांच्या पोळ्या! धान्य हे शेतकऱ्याच्या शेतातच स्वस्त पिकते. आपण ते योग्य वेळी घ्यावे व नीट राखावे, एवढेच आपले काम.

भरणीचे दिवस

प्रत्येक जिनसाचा एक काळ असतो. नवी तूर पौष-माघात बाजारात येते, हरभरा फाल्गुनात, गहू होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत. मिरची, हळद, चिंच, मोहरी यांचेही दिवस फाल्गुन-चैत्राचेच. तांदळाचा नवा माल दिवाळीच्या सुमारास येतो; परंतु जुना तांदूळ मोकळा शिजतो व वाढतोही, म्हणून नवा घेऊन सहा महिने ठेवण्यातच खरा लाभ आहे. डाळींचे भाव किती चढतात हे २०१५ सालच्या शरदात सर्वांनी पाहिले. अनेक शहरांत तूरडाळ किलोस दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. त्या वर्षी ज्यांनी माघात डाळ भरली होती त्यांच्या घरी वरण पातळ झाले नाही.

पाच माणसांच्या घरास गहू २४०, तांदूळ १२०, ज्वारी-बाजरी ४०, तूरडाळ ४० व इतर कडधान्ये ४० असे मिळून ४८० किलो धान्य वर्षाला लागते असे समजू. हंगामातील भाव आणि किरकोळ पाकिटाचा भाव यांत सरासरी आठ रुपयांचे अंतर धरले, तरी ३,८४० रुपये वाचतात. त्यात कराचाही भाग आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व छापील धान्यावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. सुट्या धान्यास तो लागला नाही. पाकीट दिसावयास सुबक असते, पण त्याचे मोल आपणच भरतो.

खरेदी करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, गुजरातेतील बाजारात मण वीस किलोंचा धरतात. जुना सरकारी मण चाळीस शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३ किलोंचा होता. खानदेशातून नव्याने आलेला ग्राहक मणाचा भाव ऐकून घोटाळ्यात पडतो. त्याने किलोचाच भाव विचारावा. दुसरी, नावास भुलू नये. ज्यास आपण लोकवन म्हणतो तो वस्तुतः ‘लोक-१’ होय. भावनगर जिल्ह्यातील सणोसरा येथील लोकभारती या संस्थेत तो वाण निर्माण झाला. रोजच्या पोळीस तो उत्तम आहे. अधिक चकाकणाऱ्या गव्हास अधिक दाम देण्यापूर्वी पाच किलो दळून पाहावा.

राखील त्याचे धान्य

भरलेल्या शंभर किलोंत पाच किलो किडले तर वाचविलेल्या पैशांचा मोठा भाग गेला असे समजावे. आणि आपल्या समाजास कीड लागणे हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. धान्यात जीव उत्पन्न झाल्यावर ते पाखडून मारण्यापेक्षा उत्पन्नच होऊ न देणे हे अहिंसेस अधिक धरून आहे. यासाठी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी जे शिकविले ते आजही पुरेसे आहे.

गहू व कडधान्ये चाळून, निवडून दोन-तीन कडक उन्हे द्यावीत. दाणा दाताखाली धरला असता कट् असा वाजून तुटला पाहिजे. नुसता दबला तर ओल आहे. उन्हातून काढलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये. रात्रभर सावलीत निवू द्यावे, नाहीतर आत घाम सुटतो. तांदळास मात्र कडक ऊन दाखवू नये, कारण दाणा तडकून कणी पडते. त्यात कडुनिंबाचा सावलीत सुकविलेला पाला घालावा. तूरडाळ, मूग व गहू यांस किलोमागे एक लहान चमचा एरंडेल चोळावे. येथे त्यास दिवेल म्हणतात, आणि एरंडीच्या पिकात गुजरात देशात अग्रेसर असल्याने ते मुबलक मिळते.

जागेची अडचण वाटते तितकी मोठी नाही. दोन फूट व्यासाच्या व दोन फूट उंचीच्या कोठीत सव्वाशे किलोंहून अधिक गहू मावतो; वर्षाच्या गव्हास अशा दोन कोठ्या पुरतात. कोठी जमिनीपासून उंच व भिंतीपासून हातभर दूर असावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग काही दिवस पाण्याखाली होता, हे तापीकाठी राहणाऱ्याने विसरून चालणार नाही.

येथे एक कळकळीची विनंती. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि आणू नयेत. त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे प्राण घेतो; त्या गोळ्या गोदामासाठी व जाणत्या हातांसाठीच आहेत. पाऱ्याच्या टिकड्याही वापरू नयेत; पारा हे विष आहे. पोतेभर धान्य गेले तरी चालेल, परंतु हा धोका पत्करू नये.

सज्जातील शेती

आता जे टिकत नाही त्याचा विचार करू. कोथिंबीर, मेथी, पुदिना, कढीलिंब, हिरवी मिरची, लिंबू यांची गरज चिमूटभर असते. पण जुडी घ्यावी लागते आणि अर्धी सुकून जाते. पावसाळ्यात त्यांचे भाव तर वाटेल तसे चढतात. म्हणून यांनाच कुंडीत जागा द्यावी.

या कामी महाराष्ट्रात मोठे प्रयोग झाले आहेत. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून थोड्या जमिनीत, पालापाचोळ्याच्या बळावर विपुल पीक कसे घ्यावे हे शेतकऱ्यांस व गृहस्थांस शिकविले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडे भरलेल्या पिशव्यांत फळभाज्या पिकविल्या. तत्कालीन मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तेथील ओल्या कचऱ्याचेच खत करून बाग फुलविली. दोशी यांची रीत आम्हांस कामरेजसाठी विशेष उपयोगी वाटते, कारण उसाचे पाचट व चिपाडे यांस येथे तोटा नाही.

चिपाडांचा दुसरा लाभ वजनाचा. ओली माती फार जड असते. एका चौरस फुटावर अर्धा फूट थर दिला तर सुमारे चोवीस किलो भार पडतो, म्हणजे शंभर चौरस फुटांस चोवीस क्विंटल. सदनिकेच्या सज्जास हा भार सोसेलच असे नाही. म्हणून कुंडीत तीन भाग पाचट-चिपाडे व सुका पाला आणि एक भाग खत-माती असे मिश्रण भरावे, आणि कुंड्या कठड्यावर नव्हे, आतील बाजूस ठेवाव्यात.

मेथीचे बी स्वयंपाकघरातच असते. उथळ परातीत दाट पेरली की महिन्याच्या आत भाजी होते. धणे चोळून दोन फाके करून पेरावेत. चाळीस दिवसांत कोथिंबीर खुडता येते. दर दहा दिवसांनी एकेक परात पेरली तर खंड पडत नाही. मायाळूची, जिला येथे पोई म्हणतात, एक फांदी लावली की वेल कठड्यावर चढतो व भज्यांची सोय होते. सुरती पापडीचा एखादा वेलही हौसेने लावावा; जेथील पापडी नावाजलेली होती त्या कतारगामात आता शेते उरली नाहीत. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी कुंडीस घालावे. दहा कुंड्यांनी घराचे पोट भरत नाही; परंतु दहा कुंड्या असलेल्या घरात कोथिंबिरीसाठी बाजाराची फेरी होत नाही, आणि त्या फेरीत घेतल्या जाणाऱ्या चार अनावश्यक वस्तूही वाचतात.

सभासदांस एक सूचना

वर लिहिलेले सर्व ज्यास चैत्रात एकरकमी पंधरा-वीस हजार रुपये काढता येतात त्याच्यासाठी आहे. ज्यास ते जमत नाही, तो त्याच गव्हास वर्षभर अधिक दाम देतो. गरिबास महाग अन्न मिळावे, हा बाजाराचा उलटा न्याय आहे. त्याने सावकाराकडून महिना दोन टक्क्यांनी कर्ज काढून धान्य भरावे म्हटले, तर वर्षाचे चोवीस टक्के व्याज सगळी बचत गिळून टाकते.

आमच्या पेढीवर व आपल्या सर्वांच्या पेढ्यांवर जे हमाल व गुमास्ते दिवसभर पोती मोजतात, त्यांपैकी अनेकजण संध्याकाळी स्वतःसाठी दोन किलोंची पिशवी किरकोळ भावाने नेतात. गुजरात शासन आपल्या चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांस धान्यासाठी बिनव्याजी उचल देत आले आहे. शासनास जे जमते ते आपणांस का जमू नये? प्रत्येक सभासदाने गव्हाच्या हंगामात आपल्या नोकरांस वर्षाचे धान्य घाऊक भावाने द्यावे व त्याची रक्कम दहा हप्त्यांत, व्याजावाचून, पगारातून वळती करावी. पाच माणसांच्या एका नोकरासाठी यात गुंतणारे भांडवल आपल्या एका मोटारभर मालाच्या तुलनेत नगण्य आहे, आणि माणूस पेढी सोडून जाणार नाही हा लाभ निराळाच.

येत्या चैत्रापूर्वी मंडळाच्या सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची सर्व सभासद बंधूंस नम्र प्रार्थना आहे.