अकरा महिन्यांचं घर

मुंबईत भाड्याचं घर शोधताना तुम्हाला सगळ्यात आधी काय विचारतात? बजेट? चूक. 'फॅमिली की बॅचलर?' मग व्हेज की नॉनव्हेज, मग कुठल्या कंपनीत? गेल्या सहा वर्षांत मी पाच घरं बदलली आणि प्रत्येक वेळी या तिसऱ्या प्रश्नाला माझी विकेट गेली. फ्रीलान्स पत्रकार म्हटलं की समोरच्या काकू ब्रोकरकडे बघतात, ब्रोकर पंख्याकडे बघतो. एका काकूंनी तर सरळ विचारलं, "अगं, पण मग तू सोडशील ना घर वेळेवर?"

भाडं देशील ना, असं नाही. सोडशील ना! घरमालकाला भाडं बुडण्यापेक्षा भाडेकरू न निघण्याची भीती जास्त. ही भीती कुठून आली हे शोधायला गेले आणि थेट 1940 सालात जाऊन पोचले.

झालं असं की फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला, घरं तेवढीच. मालकांनी मनमानी भाडं उकळू नये, कुणाला रस्त्यावर काढू नये, म्हणून 1947 साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. हेतू शंभर टक्के नेक. फंडाही सोपा: 1 सप्टेंबर 1940 रोजी खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं 'प्रमाणित भाडं'. त्याच्यावर मालकाने जायचं नाही, आणि भाडेकरूला सहजासहजी काढायचंही नाही. कायदा तात्पुरता होता. सरकारी तात्पुरतं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहेच. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत तो 2000 सालापर्यंत चालला. म्हणजे देश स्वतंत्र झाला, बॉम्बेची मुंबई झाली, घरोघरी केबल आली, मोबाइल आला, आणि गिरगावातल्या खोलीचं भाडं मात्र दुसऱ्या महायुद्धातच अडकून राहिलं.

आता तुम्ही पैसेवाले आहात असं समजा. चाळ बांधून भाड्याने द्याल? कुणीच दिली नाही. नव्या चाळी उठणं हळूहळू थांबलं, बिल्डर फ्लॅट बांधून विकायला लागले. 1961 साली देशातल्या शहरांत 54 टक्के घरं भाड्याची होती, 2011 च्या जनगणनेत हा आकडा 28 वर आला. या घसरणीची कारणं अनेक आहेत, पण भाडे कायदे त्यातलं मोठं कारण असं 2017-18 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीतही म्हटलं होतं. भाडेकरूला वाचवायला आलेल्या कायद्याने भाड्याचं घरच दुर्मीळ करून टाकलं.

ज्या चाळी होत्या त्यांचं काय? माझ्या आत्याचं सासर गिरगावात. दोन खोल्या, कॉमन गॅलरी, भाडं महिना सव्वादोनशे रुपये. तेवढ्यात आज मल्टिप्लेक्सचं पॉपकॉर्न येत नाही. जिना हलतो, छत गळतं, मालक म्हणतो मी कुठून करू? त्याचंही खोटं नाही. आणि आत्या का सोडेल? तिच्या सासऱ्यांनी पन्नासच्या दशकात पागडी मोजूनच खोली घेतली होती. पागडी हे या कायद्याचं सगळ्यात भन्नाट अपत्य. भाडं गोठवलं, मग मालकांनी वरकमाई रोखीत मागायला सुरुवात केली. घेणं गुन्हा होता आणि अख्खं शहर तो राजरोस करत होतं. शेवटी 1999 च्या नव्या कायद्याने पागडी चक्क अधिकृत केली. हरलो म्हणायची ही सरकारी पद्धत.

मालक दुरुस्ती करेनात म्हणून 1969 साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं, शहर भागातल्या 19,642 जुन्या इमारतींवर उपकर लावला. म्हणजे आधी दुरुस्तीचे पैसे बंद करायचे आणि मग दुरुस्तीसाठी खातं उघडायचं. पुढे काय झालं ते आपण दर पावसाळ्यात बघतो. 31 ऑगस्ट 2017 ला पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली, 33 माणसं गेली. दरवेळी चौकशी होते, दरवेळी मालक, रहिवासी आणि मंडळ एकमेकांकडे बोट दाखवतात. इथे मला गंमत सुचत नाही.

पण काकूंच्या प्रश्नाचं मूळ यापुढे आहे. भाडेकरू नको म्हणून मालकांनी पळवाट काढली, 'लीव्ह अँड लायसन्स'. हा भाडेकरू नाही, नुसता परवानगीने राहणारा, म्हणून याला कायद्याचं कवच नाही. मस्त चाललं होतं. मग सरकारने कायद्यात दुरुस्ती केली: 1 फेब्रुवारी 1973 रोजी जो चालू लायसन्सवर घरात राहतोय, तो आपोआप भाडेकरू. काल पाहुणा, आज संरक्षित! ज्यांना संरक्षण मिळालं त्यांचं भलं झालं, नक्कीच. पण उरलेल्या मालकांनी जो धडा घेतला तो तीन पिढ्या टिकला. फ्लॅटला कुलूप लावलेलं बरं. 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार घरं रिकामी सापडली. सगळी काही त्या भीतीने नाही, गुंतवणूक म्हणून घेतलेलीही असणार. तरी आकडा वाचून मला माझे पाचही टेम्पो आठवले.

असले कायदे फक्त आपल्याकडेच होतात असं नाही हं. हनोईत 1902 साली फ्रेंच सरकारने उंदीर मारायला बक्षीस लावलं, एका शेपटीला अमुक पैसे. थोड्याच दिवसांत शहरात बिनशेपटीचे उंदीर फिरायला लागले. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत, म्हणजे पुढची पैदास चालू! आपला 1976 चा कमाल जमीन धारणा कायदा त्याच जातकुळीचा. मुंबईत 500 चौरस मीटरच्या वरची मोकळी जमीन सरकारजमा करून गरिबांसाठी घरं बांधायची होती. जमीन आली थोडी, कोर्टात आणि सवलतींच्या फायलींत अडकली जास्त. टंचाई वाढली, भाव चढले. महाराष्ट्राने 2007 साली तो रद्द केला.

भाडे कायदाही बदलला. 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोठवलेलं भाडं अवाजवी ठरवलं, आणि 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला. जुन्या भाड्यात वर्षाला 4 टक्के वाढ. शंभर रुपये 25 वर्षं न चुकता वाढवले तर 267 होतात. क्या बात है! मात्र मोठ्या बँका आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून संरक्षण नाही. म्हणूनच मालकांना 'कंपनी लीज' इतकं प्यारं. ज्याला काढता येतं, त्यालाच घर मिळतं.

लीव्ह अँड लायसन्सचंही आता स्पष्ट आहे. मुदत संपली की बाहेर, नाहीतर दुप्पट भरपाई. मग अकरा महिनेच का? देशाच्या 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, ती टाळायला अकरा. महाराष्ट्रात याचा उपयोग शून्य, कारण इथे अकरा महिन्यांचाच काय, एका महिन्याचाही करार नोंदवावाच लागतो. कारण गेलं, सवय राहिली.

तेव्हा पुढच्या वेळी ब्रोकर म्हणाला, "मॅडम, रजिस्टर कशाला, नोटरी करून टाकू, स्वस्तात पडेल," तर ऐकू नका. स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का, नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि करार नोंदवलेला नसेल, तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे शेवटचं वाक्य मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस बोलावला.